वॉटर पार्कमध्ये एकाच कंपनीची कोल्ड्रिंक: करार करावा का, आणि कोणत्या अटींवर?

तरणतलाव (प्रश्न)

मंडळी, वॉटर पार्कच्या खानपान विभागासाठी सल्ला हवा आहे. पार्क सोलापूर भागातला, मध्यम आकाराचा. हंगाम मार्चच्या मध्यापासून जूनच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत, म्हणजे साधारण ९० दिवस. एरवी रोज ८००-९०० माणसं, मेमधल्या रविवारी ३,००० पर्यंत. वर्षाचा आकडा एक लाखाच्या आसपास.

सध्या तीन स्टॉलवर सगळं मिळतं: दोन्ही मोठ्या कंपन्यांची कोल्ड्रिंक, कॅम्पा, गावातल्या कारखान्याचा जिरा सोडा, घाण्यावरचा उसाचा रस, ताक. आता एका मोठ्या कंपनीच्या वितरकाने तीन वर्षांचा करार पुढे केला आहे. सहा व्हिसी कूलर (काचेच्या दाराचे फ्रीज) मोफत, कमान आणि छत्र्या त्यांच्या रंगात, सही करताना एकरकमी पैसे. बदल्यात "आवारातील सर्व बिनदारूची पेये" फक्त त्यांचीच, आणि तीन वर्षांत १२,००० केसचं टार्गेट. दुसऱ्या कंपनीचा माणूस म्हणतो, बाटल्या राहू द्या, पेल्यातून द्यायचं फाउंटन मशीन लावतो.

दोन्हींत कुठे अडकायला होतं? दर एमआरपीपेक्षा जास्त लावता येतो का? आणि एकाच कंपनीचा माल ठेवला तर गिऱ्हाईक कुरकुर करतं का?

---

क्रेटवाला

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण तो सगळ्यात सोपा आहे. थम्स अप नाही म्हणून कोणी वॉटर पार्क सोडून जात नाही. एक कोला, एक लिंबू, एक संत्र किंवा आंबा आणि गार पाणी असलं की नव्वद टक्के गिऱ्हाईक तक्रार करत नाही. कुरकुर होते ती पाणी महाग असलं की, नाहीतर बाटली कोमट असली की.

आता टार्गेट. १२,००० केस म्हणजे नेमकं काय, हे करारात लिहिलेलं नसेल तर आधी ते लिहून घ्या. केस दोन प्रकारची असते. फिजिकल केस म्हणजे प्रत्यक्ष पेटी. युनिट केस म्हणजे हिशेबाचं माप, ८ औंसाचे २४ पेले, म्हणजे ५.६७८ लिटर. २५० मिलीच्या २४ बाटल्यांची पेटी ६ लिटरची, ती १.०६ युनिट केस भरते. तीच पेटी २०० मिलीची असेल तर ४.८ लिटर, म्हणजे ०.८५ युनिट केस. वितरक बोलताना पेट्यांत बोलतो आणि कागदावर युनिट केस येते. तुम्ही २०० मिलीचा माल जास्त विकलात तर १२,००० पेट्या संपवूनही टार्गेट सुमारे १,८०० युनिट केसनी अपुरं राहतं.

दुसरं, टार्गेट झेपणारं आहे का? वर्षाला ४,००० पेट्या म्हणजे ९६,००० बाटल्या. तुमच्याकडे माणसं एक लाख. म्हणजे आजी आणि दूधपितं बाळ धरून माणशी जवळजवळ एक बाटली. दोन पोरं एक बाटली वाटून पितात, निम्मी मंडळी पाण्यावर भागवतात. निव्वळ कोल्ड्रिंकवर हा आकडा गाठणं अवघड. पाणी धरून गाठता येईल: एक लिटरच्या १२ बाटल्यांची पेटी २.११ युनिट केस भरते. म्हणून टार्गेट आणि "कोणती पेये" ही दोन कलमं सुटी वाचू नका. पाणी वगळून घेतलंत तर टार्गेटही त्याच बैठकीत खाली आणा, नंतर कोणी आणत नाही.

माझ्या मते "सर्व बिनदारूची पेये" हे शब्द या करारातले सगळ्यात महाग शब्द आहेत. त्यात ताक आलं, उसाचा रस आला, चहा आला, कोकम सरबत आलं. त्याऐवजी "कारखान्यात भरलेली, बाटलीबंद किंवा कॅनबंद कार्बोनेटेड पेये" एवढंच लिहा. फळांच्या रसाची पेये हवी असतील तर ती वेगळ्या दराने द्या. पुढच्या गोष्टी नाव घेऊन वगळा: ताजा रस, दुधाची आणि दह्याची पेये, चहा-कॉफी, सरबतं, पाणपोई, आणि लग्न, शाळेची सहल, कंपनीचा कार्यक्रम यांसाठी बाहेरून येणारा केटरर. शेवटचं विसरलात तर पहिल्याच मोठ्या बुकिंगला भांडण ठरलेलं.

पुढेमागे एखाद्या मोठ्या साखळीला आत गाळा द्यायचा विचार असेल तर तेही आत्ताच लिहून ठेवा. मॅकडोनाल्ड्स कोकच देणार, केएफसी पेप्सीच देणार. त्यांचे स्वतःचे करार वरून ठरलेले असतात, ते तुमच्यासाठी बदलत नाहीत.

एकरकमी पैशाबद्दल एकच सांगतो. ते बक्षीस नसतं, उचल असते. मधेच करार मोडला तर किती परत करायचे, याचं कलम शोधा. महिन्यांच्या प्रमाणात कमी होत जाणारी रक्कम असेल तर ठीक. "पूर्ण रक्कम व्याजासह" असेल तर सही करू नका. टार्गेट अपुरं राहिलं तर मुदत आपोआप वाढते असंही कलम असतं. ते काढता आलं नाही तर निदान वाढीव मुदतीला सहा महिन्यांची मर्यादा घालून घ्या. आणि माल न पोचल्यास काय? मे महिन्यात वितरकाकडे माल संपणं नेहमीचं आहे. ऑर्डर दिल्यापासून ४८ तासांत पुरवठा झाला नाही तर दुसरीकडून घेण्याची मुभा, आणि तेवढ्या पेट्या टार्गेटमधून वजा, असं लिहून घ्या.

---

मापतोल

एमआरपीबद्दल.

एकाच मालावर दोन वेगवेगळ्या एमआरपी छापायला १ जानेवारी २०१८ पासून पॅकेज्ड कमोडिटीज (बंद पॅकमधला माल) नियमांतच मनाई आहे. त्याआधी विमानतळ, मल्टिप्लेक्स, पार्क यांच्यासाठी तीच बाटली वेगळ्या किमतीची छापून यायची. आता कंपनीने वेगळा आकार किंवा वेगळं पॅक आणलं तरच किंमत वेगळी छापता येते. पार्कात अनेकदा कॅन किंवा बाजारात सहसा न दिसणाऱ्या मापाची बाटली का असते, त्यामागे हे एक मोठं कारण आहे.

छापील किमतीपेक्षा जास्त घेण्याचं म्हणाल तर १२ डिसेंबर २०१७ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल हॉटेल-रेस्टॉरंटांच्या बाजूने आहे. तिथे गिऱ्हाईक नुसती बाटली विकत घेत नाही, बसण्याची आणि वाढण्याची सेवाही घेते, असं त्याचं सूत्र. पण हा निकाल दाखवून स्टॉलवरून २० ची बाटली ३० ला देऊ नका. खिडकीतून बाटली हातात ठेवणं म्हणजे सरळ किरकोळ विक्री, आणि "कूलिंग चार्ज" नावाची गोष्ट कायद्यात नाही. वैधमापन निरीक्षक (वजनमापं आणि एमआरपी तपासणारा) नेमका मेमध्येच येतो.

आता फाउंटनवाला माणूस इतका उत्साही का, ते लक्षात येईल. पेल्यातल्या पेयावर एमआरपी नसतेच. दर तुम्ही ठरवता. तिथला नफा मुख्यतः याच फरकातून येतो, चवीतून नाही. फक्त फलकावर "३०० मिली" लिहाल तर ३०० मिली पेय द्यावं लागेल, बर्फ त्यात धरता येणार नाही. "मध्यम पेला, बर्फासह" लिहा आणि पेयाचं खरं माप द्या.

बाहेरचं खाणंपिणं बंद ठेवायचा अधिकार सिनेमागृहांना आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये म्हटलं. त्याच निकालात प्यायचं स्वच्छ पाणी मोफत मिळायला हवं, हेही आहे. निकाल सिनेमागृहांपुरता असला तरी पार्कनेही पाणपोई चालू ठेवलेली बरी. कंपनीने "मोफत पाण्याने आमची विक्री घटते" असा सूर लावला तर तिथे अजिबात नमतं घेऊ नका. ४२ अंशांत घसरगुंड्यांवर चढ-उतार करणाऱ्या माणसाला पाणी विकतच घ्यायला लावलं तर चक्कर येऊन पडणारे तुमच्याच प्रथमोपचार खोलीत येतील.

---

कार्बोनेटर

फाउंटन मशीनची बाजू मांडतो, म्हणजे खरं तर तिच्या भानगडी.

मशीनला सिरपची पिशवी खोक्यात येते. सिरप एक भाग, सोडा पाच भाग, म्हणून १० लिटरच्या पिशवीतून ६० लिटर पेय. तुमचा मेचा रविवार घ्या: ३,००० माणसं, त्यातल्या ४० टक्क्यांनी एकेक पेला घेतला तर १,२०० पेले. ३०० मिलीच्या पेल्यात बर्फ टाकून २०० मिली पेय जातं. म्हणजे २४० लिटर, चार पिशव्या. सिरप हा प्रश्नच नाही.

प्रश्न बर्फाचा आहे. पेल्यामागे ९० ते १०० ग्रॅम धरला तरी दिवसाला १२० किलो, तोही खाण्याचा. २०१८ पासून महाराष्ट्रात खाण्याचा नसलेला बर्फ निळसर रंगवायचा नियम आहे, त्यामुळे मासळीच्या गाडीवरचा बर्फ ओळखू येतो. पण पांढरा बर्फ स्वच्छ पाण्याचाच असेल याची हमी रंग देत नाही. पुरवठादाराचा अन्न परवाना आणि पाण्याचा तपासणी अहवाल मागा, नाहीतर स्वतःचं बर्फयंत्र घ्या.

दुसरा प्रश्न गर्दीचा. बहुतेक विक्री १२ ते ४ मध्ये होते. १,२०० पेले चार तासांत, म्हणजे मिनिटाला पाच. पेला उचलणं, बर्फ, भरणं, झाकण, पैसे हे सगळं एका माणसाला १५ सेकंदांत जमलं तरी मिनिटाला चारच होतात. म्हणून एक मशीन पुरणार नाही, दोन ठिकाणी लागेल. कंपनी एक देऊ करेल. दोनच मागा.

तिसरा, तुमच्या भागातलं पाणी. बोअरचं जड पाणी थेट मशीनला दिलं तर काही आठवड्यांत क्षार बसतो. टँकरच्या पाण्यात क्लोरीन जास्त असेल तर कोल्याला औषधाचा वास येतो आणि गिऱ्हाईक म्हणतं "डुप्लिकेट आहे". कार्बन फिल्टर हवाच, क्षार जास्त असतील तर आरओही. टाकीतलं पाणी संपलं की कार्बोनेटरचा (पाण्यात गॅस मिसळून सोडा करणाऱ्या भागाचा) पंप कोरडा फिरून जळतो. पाणी गेलं की पंप आपोआप बंद पडेल असा प्रेशर स्विच बसवलेला आहे ना, ते पाहून घ्या. करारात पंप कोणाच्या खर्चाने बदलायचा, हेही.

फेस येतो, पेला भरत नाही, अशी तक्रार रोज ऐकू येईल. कारण बहुतेक वेळा पेय गरम असतं. पेय ४ अंशांच्या आत बाहेर आलं पाहिजे. वर गेलं की गॅस सुटतो, पेला फेसाने भरतो आणि खाली पाणचट पेय उरतं. लोडशेडिंगनंतर वीज आली म्हणून लगेच विक्री सुरू करू नका, आधी थर्मामीटर घालून बघा. थंड असूनही फेस येत असेल तर नोझल बघा. नोझल रोज रात्री काढून कोमट पाण्यात भिजवून घासायचं. साखर चिकटून राहिली की चिलटं येतात आणि नंतर काळी बुरशी धरते. त्याच्या फोटोने पार्कचं नाव एका दिवसात जातं.

चव पाणचट किंवा अती गोड लागली तर गुणोत्तर बिघडलेलं असतं. तंत्रज्ञाकडे दोन कप्प्यांचा मापाचा पेला असतो. एका कप्प्यात सिरप, दुसऱ्यात सोडा पडतो, आणि पाच-एक जुळेपर्यंत स्क्रू फिरवायचा. हंगामात आठवड्यातून एकदा हे व्हायला हवं. सिरप कमी सोडून पैसे वाचवणारे स्टॉलवाले आहेत. तो मोह तुमच्या माणसांना होणार नाही असं धरू नका, स्क्रूला सील लावून घ्या.

सुरक्षेच्या दोनच गोष्टी. कार्बन डायऑक्साइडचं सिलिंडर उभं, साखळीने भिंतीला बांधलेलं आणि हवेशीर जागेत. तळघरात किंवा बंद खोलीत गळती झाली तर हा जड वायू खाली साठतो, वास येत नाही, आत गेलेला माणूस गुदमरतो. आणि सोड्याचं पाणी मागे तांब्याच्या पाइपात जाता कामा नये. आम्लामुळे तांबं विरघळतं आणि पिणाऱ्याला उलट्या होतात. म्हणून बॅकफ्लो व्हॉल्व्ह लागतो, आणि त्यानंतरचा पाइप प्लास्टिकचा किंवा स्टीलचा.

कंपनी बदलायची वेळ आली तर बाटल्यांत एका दिवसात बदलते, मशीनमध्ये नाही. पिशवीचे कनेक्टर दोन कंपन्यांचे वेगळे, आणि संत्र्याचा वास सिरपच्या नळीत इतका मुरतो की धुऊन जात नाही, नळीच बदलावी लागते. ९० दिवसांच्या हंगामासाठी फाउंटन घ्यावं असं मला वाटत नाही. उरलेले नऊ महिने ते धूळ खातं, आणि न धुता ठेवलं तर पुढच्या मार्चला आतून काय निघेल ते विचारू नका.

---

क्रेटवाला

@कार्बोनेटर, हे पटलं, फक्त पेल्यांचं राहिलं. एकदाच वापरायचे प्लास्टिकचे पेले आणि स्ट्रॉ १ जुलै २०२२ पासून देशभर बंद आहेत, आणि आपल्या राज्याने त्याच महिन्यात आतून प्लास्टिकचं अस्तर असलेले कागदी पेलेही बंद केले. नंतर प्रमाणित कंपोस्टेबल (कुजून खत होणाऱ्या) मालाला सवलत मिळाली. त्यामुळे पेला घेताना प्रमाणपत्राची प्रत फाइलला लावा. त्याचा भाव साध्या पेल्यापेक्षा जास्त, तो धरूनच फाउंटनचा नफा मोजा.

---

ऑरलँडोकर

इकडे अमेरिकेत, ऑरलँडोच्या पार्कांत कसं चालतं ते सांगतो, त्यातून दोन गोष्टी उचलण्यासारख्या आहेत.

डिस्नी आणि कोका-कोला यांचं नातं १९५५ पासूनचं, म्हणजे कॅलिफोर्नियातलं डिस्नेलँड उघडलं तेव्हापासूनचं. फ्लोरिडातल्या डिस्नी वर्ल्डमध्ये पेप्सी विकत मिळत नाही. पण शांघायचं डिस्नेलँड २०१६ मध्ये उघडलं ते पेप्सी घेऊन. म्हणजे इतकं जुनं नातंसुद्धा जागेनुसार, सौद्यानुसार वेगळं होतं. तुम्हाला कोणी "ब्रँडची निष्ठा" वगैरे ऐकवलं तर हे उदाहरण द्या.

महत्त्वाचं म्हणजे डिस्नीत एकाधिकार विक्रीवर आहे, पिण्यावर नाही. काच आणि दारू सोडून स्वतःचं खाणंपिणं आत नेता येतं. पेप्सीचा कॅन पिशवीत असला तरी कोणी काढून घेत नाही. शिवाय फाउंटन असलेल्या खाण्याच्या काउंटरवर मागितलं की बर्फाचं पाणी पेल्यात फुकट मिळतं. एवढं असूनही चार डॉलरच्या वरचा कोक खपतोच.

युनिव्हर्सल या इथल्या दुसऱ्या पार्कमध्ये कोकची फ्रीस्टाइल मशीन आहेत, पडद्यावर बोट ठेवून शंभरावर प्रकारांतून निवडायचं. तिथला रिफिल पेला घेतला की तळाच्या चिपमध्ये त्या दिवसापुरती मुदत भरतात. पेला खाली धरला की मशीन चिप वाचतं, आणि दोन रिफिलांत काही मिनिटं थांबायला लावतं. एकाच पेल्यावर अख्ख्या कुटुंबाने दिवस काढू नये म्हणून. तुम्हाला चिपचा खटाटोप नको, पण "दिवसाचा पेला" ही कल्पना मनगटपट्टीवर चालेल: पट्टीवर चार खुणा, प्रत्येक भरण्याला एक पंच.

आणि डिस्नी वर्ल्डमधल्याच एप्कॉट पार्कमध्ये क्लब कूल नावाच्या दालनात कोकची देशोदेशीची पेये फुकट चाखायला ठेवतात. त्यात इटलीचं बेव्हर्ली इतकं कडू आहे की लोक मित्रांना मुद्दाम पाजून तोंडं बघतात. एकाच कंपनीचा माल ठेवूनही "निवड आहे" असं वाटायला लावणं म्हणजे काय, ते तिथे कळतं.

---

तरणतलाव

सगळ्यांचे आभार. फाउंटन बाद. बाटल्यांचा करार फक्त कार्बोनेटेडवर, तीनऐवजी दोन वर्षांचा मागतो. अजून दोन शंका. कूलरमध्ये ताक ठेवलं तर चालतं का? आणि ती कॅफीनवाली एनर्जी ड्रिंक पार्कात ठेवावीत का, वितरक त्यांवरच जास्त स्कीम देतोय.

---

क्रेटवाला

कूलर कंपनीच्या मालकीचा, त्यात दुसरा माल दिसला की "प्युरिटी" गेली म्हणून सेल्समन फोटो काढतो आणि त्या महिन्याची स्कीम कापतो. ताक, पाणी यांसाठी स्वतःचा एक फ्रीज घ्या आणि तो उसाच्या घाण्याशेजारी ठेवा, कंपनीच्या कूलरशेजारी नको. काचेच्या बाटल्या आवारात आणूच नका, ओल्या फरशीवर अनवाणी पोरं असतात.

कूलर देताना ते नेहमी उन्हात, गेटजवळ लावायला बघतात, कारण तिथे त्यांची पाटी दिसते. सावलीत लावा, मागे वीतभर जागा सोडा, कंडेन्सरची जाळी आठवड्याला ब्रशने साफ करा. कोमट पेट्या सकाळी भरल्या तर दुपारपर्यंत त्या गार होत नाहीत. रात्री बंद करतानाच उद्याचा माल भरायचा. साठ्याच्या पेट्या पत्र्याच्या शेडमध्ये नकोत. प्लास्टिकच्या बाटलीतून गॅस हळूहळू उतरतोच, लहान बाटलीतून जास्त लवकर, आणि उष्णतेने अजून वेगाने. मे महिन्यात "सोडा बसलेला आहे" ही तक्रार येते ती बहुतेक शेडमधल्या पेट्यांची असते. तारीख बघून जुना माल आधी काढा.

---

मापतोल

एनर्जी ड्रिंकच्या लेबलवरच लिहिलेलं असतं: लहान मुलं, गरोदर आणि स्तनपान देणाऱ्या स्त्रिया यांनी घेऊ नये. तुमचं निम्मं गिऱ्हाईक लहान मुलांचंच. ठेवायचीच असतील तर एकाच काउंटरवर, मोठ्यांनाच द्या, शाळेच्या सहलीच्या दिवशी शटर खाली. करारात त्यांना टार्गेटमध्ये धरू देऊ नका, नाहीतर जूनमध्ये आकडा गाठायला तुमचाच माणूस ती पोरांना विकायला लागेल.

---

कार्बोनेटर

कूलरच्या विजेचं कोणी बोललं नाही. ओल्या जागेतल्या प्रत्येक कूलरला स्वतंत्र लाइन, ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आणि नीट अर्थिंग. एक्स्टेन्शन बोर्डवर एकही कूलर नको. कंपनीचा माणूस कूलर उतरवून प्लग लावून निघून जातो, वायरिंग तुमच्या गळ्यात. कूलर यायच्या आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा, आणि हंगाम चालू असताना दर सोमवारी आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबून बघा.